वरची धार

काळजाला दारं असत्यात, हे मला साठाव्या वर्साला कळलं. तेबी दवाखान्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत, चपला बाहेर काढून.

आमचे मालक खाटेवर कुशीला निजलेले. निजलेले म्हंजे काय, पाठीशी दोन उश्या आन् तरीबी दम कोंडतोय. छातीला गार मलम फासलेलं. डाक्टरीनबाई हातातलं यंत्र बरगडीवर फिरवत व्हत्या आन् समोरच्या पडद्यावर करडं-काळं काहीतरी हलत व्हतं. मी इचारलं, "बाई, हे काय हो?"

"हे यांचं हृदय, मावशी. आणि ही झडप. दारासारखी उघडते, मिटते. बघा."

मी बघितलं. आगं आई गं! उघडतंय, मिटतंय. उघडतंय, मिटतंय. कुनी हाकत न्हाई, कुनी ढकलत न्हाई. मानूस झोपला तरी चालू, भांडला तरी चालू. बासष्ट वर्सांत ह्यांनी सुगी केली, धारा काढल्या, माझ्याशी तोंड वाकडं करून बसले, आन् आत हे आपलं चालूच. मी हात जोडले. शेजारी आमची सून ऋतुजा उभी व्हती, तिनं माझ्या कोपराला हळूच डिवचलं. मी काय हात खाली घेतले न्हाईत. दगडाला जोडतो, मग जितं चालतंय त्याला जोडायला लाज कसली?

"पण थकलंय," डाक्टरीनबाई म्हनल्या. स्वराली त्यांचं नाव. वयानं आमच्या ऋतुजाएवढ्या, पन बोलनं शांत. "दर ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त पुढं जायला हवं. यांचं पंचवीस टक्केच जातंय. मग पाणी मागं तुंबतं. पायात, पोटात, फुप्फुसात."

तीन आठवड्यांमागं त्यांनीच गोळ्या दिल्या व्हत्या. मीठ बंद केलं व्हतं. पानी, चहा, ताक, आमटी सगळं धरून दिवसाला सव्वा लिटर, त्याच्या वर थेंब न्हाई. रोज सकाळी वजन करायचं. ते आमी पेंडीची पोती तोलायच्या काट्यावर करायचो. पयल्या आठवड्यात दोन किलो वाढलं तवा मी येडी खूश झाले. म्हनलं, गोळ्या अंगी लागल्या, गडी भरायला लागला! मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्टबी काढली. ऋतुजा संध्याकाळी कंपनीतून आली आन् तिनं त्यांच्या नडगीवर आंगठा दाबला. आंगठा उचलला तर तितं खड्डा. बराच येळ खड्डा तसाच. "आई, हे मांस नाही, पाणी आहे," ती म्हनली. दृष्ट काढलेलं मीठ तवर चुलीत तडतडून गेलं व्हतं.

आता सहा किलो वाढलं व्हतं.

"गोळ्या वेळेवर?" बाईंनी इचारलं.

"ऋतुजा डबीत भरून देती. वार लिवलेत त्याच्यावर."

"मीठ?"

"सासूबाईंच्या वर्षश्राद्धालाबी अळणी जेवले."

"आणि पाणी? सव्वा लिटरच? नक्की, मावशी?"

हितं माझं टाळकं हललं. मी म्हनलं, "बाई, चाळीस वर्सं मी हिंजवडीत दूध घालते. पयलं गावाला घालत व्हते, आता त्या काचंच्या इमारतीतल्या पोरापोरींना घालते. माझ्या मापाला आजवर कुनी बोट लावलेलं न्हाई. दुधाचंच पावलिटरचं माप वेगळं काढून ठेवलंय ह्यांच्यासाठी. दिवसाला पाच मापं. मोजून."

बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, शाबासकी देतील.

"मग अवघड आहे," त्या म्हनल्या. "सगळं पाळूनही पाणी वाढतंय म्हणजे गोळ्यांना हृदय दाद देत नाहीये. सोमवारी सकाळी आणा, बेड ठेवते. पाच-सहा दिवस राहावं लागेल. शिरेतून औषध देऊन पाणी काढू, मग पुढचं ठरवू. मधेच दम वाढला तर सोमवारची वाट बघू नका." आन् मग त्या ऋतुजाशी इंग्रजीत बोलल्या. डाक्टर इंग्रजीत बोलायला लागला की समजायचं, काहीतरी वंगाळ हाय.

गाडीत मी ऋतुजाला धरलं. ती खिडकीबाहेर बघत म्हनली, "गोळ्यांनी होत नसेल तर छातीत मशीन बसवायचं म्हणतात. आणि बाबांचं हृदय ते सोसेल का, हे त्यांना आत्ता सांगता येत नाही." मालक पुढच्या शिटावर बसल्या बसल्या डुलक्या घेत व्हते. ऐकलं का न्हाई, देव जानं.

तवा मला खरी धास्ती बसली.

शुक्रवारी सकाळपासून आमची तयारी सुरू. तयारी म्हंजे ऋतुजाची एक आन् माझी एक. तिनं कागदावर यादी केली: फाईल, आधारकार्ड, इम्याचं कार्ड, टॉवेल, ब्रश, मोबाईलचा चार्जर. माझी यादी डोक्यात: तीन उश्या, कारन हे आता बसूनच झोपत्यात. त्यांची मऊ झालेली चादर. दवाखान्याची चादर त्यांना टोचती. पायताणं दोन नंबर मोठी, सुजलेला पाय मावंल अशी. ती आनायला पृथ्वीराजला, आमच्या पोराला, धाडलं. त्यो कंपनीची बस चालवतो. दुपारच्या फेरीतनं घेऊन आला तर चकाकती, लाल पट्ट्याची. मालक म्हनले, "लग्न हाय का माझं?"

पन खरी अडचन फलटनीची व्हती.

फलटनी म्हंजे आमची म्हैस. फलटणच्या बाजारातनं आनली म्हनून फलटनी. चार बाजूंनी इमारती उठल्या, मधी आमचा सहा गुंठ्याचा तुकडा आन् त्याच्यावर गोठा. वरच्या मजल्यावरची पोरं जेवायच्या सुट्टीत काचंला नाक लावून म्हशी बघत्यात. दोन म्हशींत दुसरी गरीब, कुनालाबी दूध देती. फलटनी मात्र मालकांच्या हाताशिवाय पान्हा चोरती. मी बसले तर कास दगडावानी करून हुबी. तिची धार राहिली तर कास सुजनार, ताप येनार, आन् हे दवाखान्यातनं उठून घरी येनार, हे मला पक्कं ठावं. ते बोललेच व्हते, "तिची सोय लागल्याबिगर मी जात न्हाई. बेड काय पळून जातो का?"

मी म्हनलं, "बेड न्हाई पळत, तुमी पळाल."

"कुठं?"

"वर."

हसले. हसताना खोकला आला, खोकताना ओठ निळे झाले. मी जीभ चावली आपली.

शनिवारी पहाटं चुलतदीर आले, कोंडीराम भावजी. मालकांना गोठ्यापतूर चालवत नेलं. तीस पावलं. तीन ठिकानी थांबले. मागल्या दिवाळीला ह्याच मानसानं खांद्यावर वैरनीचा भारा घेऊन ही वाट धरली व्हती, मी डोळ्यांनी बघितलंय. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. दम खाली बसला तवा म्हनले, "कोंडीराम, माझा सदरा घाल."

भावजी अंगानं आडवे, सदऱ्याची बटनं लागंनात. तसाच उघडा सदरा घालून बसले.

"सडाला हात लावू नगंस. आदी पाठीवर ठेव. नुसता ठेव. तिला कळू दे."

"किती येळ?"

"तिला कळंपतूर."

बाहेर रस्त्यावर कंपनीच्या बसा लागायला लागल्या व्हत्या. फलटनीनं मान वळवली, सदऱ्याच्या बाहीला नाक लावलं, फुसकन श्वास सोडला. मालक खुर्चीतनं जिभेनं चक् चक् करत व्हते, तेबी दमत दमत, एक चक् आन् मग श्वास. आन् बघता बघता तिची कास सैल पडली, सड भरून आलं. भावजींनी चरवी धरली आन् धार वाजली. माझ्या अंगावर काटा आला. आत कुठं काय सुटलं, कुनी सोडलं? मुक्या जनावराच्या पोटात कोन मालकाची वळख ठेवून बसलंय? परवा काळजाची दारं बघितली, आज हे. मला वाटलं, मी साठ वर्सं डोळं झाकून हिंडले का काय?

"झालं," मालक म्हनले. "सदरा असला की भागतंय. आता मी नसलो तरी चालंल."

"आवरा तोंड!" मी वरडले. फलटनी दचकली, धार थांबली. भावजी माझ्याकडं असं बघायला लागले, जसं मीच आजारी हाय.

रविवारी ऋतुजाला सुट्टी. दवाखान्यातनं मोबाईलवर कागद आला व्हता, त्याच्यात भरायचं व्हतं: तीन आठवड्यांचं वजन, गोळ्या, पानी. ऋतुजा सैपाकघरात वट्ट्याशी बसून भरत व्हती. पान्याच्या रकान्यापाशी थांबली.

"आई, माप दाखवा बरं एकदा."

मी फळीवरनं काढून दिलं. लांब दांडीचं ॲल्युमिनियमचं. तिनं उलटसुलट केलं. केक करायला तिनं रेघांचा एक काचंचा मग आनलाय, तो समोर ठेवला. माप भरून त्याच्यात वतलं. बरोब्बर अडीचशेच्या रेघंला. माझी मान ताठ झाली.

"आता तुम्ही ओता. बाबांना रोज देता तसं. आणि मला सांगा, फलटणीचं काल काय झालं?"

मी सांगायला लागले. सदरा कसा घातला, बटनं कशी लागली न्हाईत, नाक कसं लावलं. हंड्यातनं माप भरायचे आन् तिच्या पातेल्यात रिकामं करायचे. एक, दोन, तीन, चार, पाच. बोलता बोलता झालीबी. ती पातेलं उचलून मगात वतायला लागली. चार मग भरले आन् पाचवाबी भरला. म्हनलं, झालं. पन पातेल्यात पानी राहिलंच. तिनं सहावा मग धरला. तोबी रेघंपतूर भरला. सातवा दोनशेवर थांबला.

"एक लिटर सातशे," ऋतुजा हळू आवाजात म्हनली.

"तुझा मग खोटा हाय."

"आई, परत ओता. आता तुमच्या हाताकडं बघा."

मी माप भरलं. पातेल्यात रिकामं केलं. आन् मग, माझ्या डोळ्यांदेखत, माझाच हात परत हंड्यात गेला, मापाच्या बुडाशी थोडं घेतलं आन् वर सोडलं. मी सांगितलं न्हाई त्याला. आपलाआपन गेला.

वरची धार.

चाळीस वर्सांपूर्वी ह्या घरात आले तवा सासूबाईंनी पयल्यांदा माप हातात दिलं. म्हनल्या, "पोरी, माप भरलं ते पैशाचं. वरची धार त्याच्या घरच्या लेकराची. ती दिल्याबिगर माप ठेवायचं न्हाई, बरकत जाती." तवापासनं एक माप कुनाला नुसतं दिलं न्हाई. काचंच्या इमारतीतली पोरं म्हनत्यात, मावशी, पॅकेटवाला एक थेंब जास्त देत नाही! मी दिमाखानं हिंडायची. आन् तीच धार मी घरात, माझ्या नवऱ्याच्या छातीत, रोज पाच येळा वतत व्हते.

मी खालीच बसले. फरशीवर. हातातलं माप कुठं ठेवावं तेबी सुचंना.

"आई, तुम्हाला माहीत नव्हतं," ऋतुजा जवळ बसली.

"काय लिवलंस त्या कागदावर?"

"अजून काही नाही."

"बाराशे पन्नास लिव." माझं तोंड बोललं. मला लाज वाटायला लागली ती अशी की कानशिलं तापली. त्या बाईंसमोर मी मापाचा तोरा मिरवला व्हता. चाळीस वर्सांचं नाव. "कागदावर काय, कोन बघतंय?"

ऋतुजानं पेन खाली ठेवलं. ती भांडायची न्हाई कधी, पन हटायचीबी न्हाई. "मी खोटं लिहिणार नाही आणि खरं तुमच्या नावावर टाकणारही नाही. रकाना रिकामा ठेवते. उद्या तुम्ही सांगा, काय सांगायचं ते."

त्या दिवशी मी दुपारचं माप रेघंवर दिलं. माझा उजवा हात डाव्यानं धरून दिलं. मालकांनी प्यालं, भांड्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् भांडं परत दिलं.

सोमवारी पृथ्वीराजनं रजा टाकली. तीन उश्या, चादर, फाईल, लाल पट्ट्याची पायताणं. वाकडच्या पुलावर गाड्यांची ही मुंगीसारखी रांग. मालकांचा श्वास भरलेल्या घागरीवानी गुडगुडत व्हता. मी मागं बसून त्यांच्या पाठीला हात लावून व्हते, आन् आतली ती दारं मला दिसत व्हती, उघडत्यात, मिटत्यात. म्हनत व्हते, बाबांनो, एवढा पूल वलांडू द्या.

दवाखान्यात चाकाच्या खुर्चीतनं वर नेलं. खाट मिळाली. हाताला सुई टोचली. स्वरालीबाई आल्या, मागं दोन शिकाऊ डाक्टर, एक सिस्टर. शेजारच्या खाटांवरचे लोक, त्यांची मानसं, सगळी आमच्याकडं बघत्यात. बाईंनी फाईल उघडली.

"मीठ बंद, गोळ्या नियमित," त्या शिकाऊंना सांगायला लागल्या, "पाणी... हे रिकामं का? सव्वा लिटरच ना, मावशी? तुम्ही मापानं देता." आन् त्यांच्याकडं वळून म्हनल्या, "म्हणजे औषधं पूर्ण डोसला फेल आहेत. यांचं आज आपल्याला पुढच्या—"

"थांबा, बाई."

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"माझं माप खोटं हाय," मी म्हनलं.

चाळीस वर्सांत हे चार शब्द कुनी माझ्या तोंडावर बोललं असतं, तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते. ते मीच बोलले. मग सगळं सांगितलं. सासूबाई, वरची धार, ऋतुजाचा मग, एक लिटर सातशे. एक शिकाऊ पोरगा हसला. कोपऱ्यातली एक बाई आपल्या लेकीला म्हनली, "बघ, दुधवाली." मी मान खाली घातली न्हाई. घातली असती तर डोळ्यांतलं सांडलं असतं.

स्वरालीबाईंनी त्या पोराच्या हातातलं पेन घेतलं आन् रकान्यात स्वतःच्या हातानं आकडा लिवला.

"मावशी, तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय सांगितलंत?" त्या म्हनल्या. "तुम्ही आत्ता सांगितलं नसतंत तर मी आज चुकीच्या वाटेला लागले असते. गोळ्या नापास झाल्या असं कशावरून? रोज जवळजवळ अर्धा लिटर जादा. तीन आठवडे. आणि या पंचवीस टक्क्यांच्या हृदयानं तेही ओढलं." त्यांनी मालकांच्या छातीकडं असं बघितलं, जसं मी त्या दिवशी पडद्याकडं बघितलं व्हतं. "हा माणूस चालत कारपर्यंत आला, मला याचंच नवल वाटतंय. आधी पाणी काढू. मग खऱ्या सव्वा लिटरवर ठेवून बघू. मशीनचं आज नाही बोलायचं. बरं होईलच असं मी म्हणत नाही, पण आपण अजून हरलेलो नाही."

त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. ऋतुजा खाली औषधं आनायला गेली. मी स्टुलावर बसले. आता मला ह्यांच्यापुढं बोलायचं व्हतं, आन् ते वार्डापुढं बोलन्यापेक्षा जड व्हतं.

"अवं," मी म्हनलं, "तीन आठवडे मी तुमाला बुडवत व्हते."

त्यांनी डोळं उघडलं. "मला ठावं व्हतं."

"काय?"

"पयल्याच दिवशी कळलं. मी बी दुधाचाच धंदा केलाय की. माप भरलं किती, वतलं किती, मला कळंना व्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मग तोंडाला काय झालं व्हतं? बोलायचं न्हाई? जीव चालला व्हता तुमचा!"

ते उशीवर मान टेकून श्वास घेत राहिले. एक, दोन, तीन. ओठ कोरडे, पांढरी साय धरलेली. मग म्हनले, "बोललो असतो तर तू बंद केली असतीस."

"म्हंजे?"

"तहान लागायची गं. लई तहान लागायची."

भरल्या विहिरीत बुडनारा मानूस आन् त्याला तहान. ह्या मानसानं कधी माझ्याकडं काही मागितलं न्हाई, सायंकाळची भाकरीबी न्हाई, वाढंल तवा जेवला. आन् ही पाच घोटांची चोरी त्यानं माझ्या हातनं करून घेतली, मला कळू न देता, आन् मी रागवावं का रडावं तेबी मला उमगंना.

तेवढ्यात सिस्टर आली. तिनं पान्याची बाटली आन् छोटा पेला टेबलावर ठेवला. "काका, आज दिवसभरात एक लिटरच. मावशी, तुम्ही बसणार आहात ना इथं? एकेक पेला करून द्या. मी बाटलीवर खूण केलीये."

मालकांनी पेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. लहान पोरानं बघावं तसं.

मी बाटली उचलली आन् सिस्टरच्या हातात परत दिली.

"पोरी, पानी तूच दे त्यांना," मी म्हनलं. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई."